सर्व्हर कोसळल्यावर आधी लॉगची शेपूट वाचवा, रिस्टोअर नंतर

डेटाबेस पडला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "बॅकअप आहे ना?" बॅकअप असतो, पण आदल्या रात्री अकराचा असतो. मग घाईघाईत तो चढवला जातो, प्रोग्राम उघडतो, सगळे हुश्श करतात. अर्ध्या तासाने काउंटरवरून कळतं की सकाळपासून कापलेली एकही पावती दिसत नाही. वाईट याचं वाटतं की त्यातल्या बहुतेक पावत्या तोवर डिस्कवर शाबूत होत्या. त्या लॉग फाइलमध्ये होत्या, आणि घाईत चढवलेल्या रिस्टोअरनेच त्या पुसल्या.

हा लेख मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हरबद्दल आहे. पतसंस्था, रुग्णालयांचं बिलिंग, कारखान्यांचं ईआरपी अशा अनेक ठिकाणी तो एखाद्या कोपऱ्यातल्या मशीनवर चालू असतो. आज्ञा इथे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या अर्थातच रोमन अक्षरांत आणि रोमन आकड्यांत लिहायच्या.

कीर्द आणि खतावणी

जुन्या हिशेबात व्यवहार आधी रोजकीर्दीत लिहायचे आणि सवडीने खतावणीत चढवायचे. एसक्यूएल सर्व्हर हेच करतो. व्यवहार कमिट, म्हणजे पक्का, झाला की त्याची नोंद ताबडतोब एलडीएफ फाइलमध्ये, म्हणजे लॉगमध्ये, डिस्कवर पक्की होते. त्यानंतरच प्रोग्रामला "झालं" असं उत्तर जातं. बदललेलं डेटा पान मात्र मेमरीतच राहतं आणि पुढच्या चेकपॉइंटला, म्हणजे मेमरीतली पानं डिस्कवर उतरवण्याच्या फेरीला, एमडीएफ या मुख्य डेटा फाइलमध्ये उतरतं. त्यामुळे कोणत्याही क्षणी कीर्द पुढे असते आणि खतावणी थोडी मागे. खतावणी जळाली तरी जुनी शिल्लक, म्हणजे बॅकअप, आणि त्यानंतरची सगळी कीर्द हाताशी असेल तर नवी खतावणी शेवटच्या नोंदीपर्यंत लिहून काढता येते. दर १५ मिनिटांनी लॉग बॅकअप होत असेल तर कीर्दीची मागची पानं आधीच सुरक्षित आहेत. शेवटच्या बॅकअपनंतरची, अजून कुठेही न गेलेली पानं म्हणजे लॉगची शेपूट. सगळी धडपड तिच्यासाठी आहे.

एक अट आधीच तपासा. डेटाबेस 'फुल' रिकव्हरी मॉडेलमध्ये हवा (लॉग कसा जपायचा हे ठरवणारी ही सेटिंग). 'सिंपल'मध्ये लॉगचा बॅकअपच घेता येत नाही (चूक क्रमांक ४२०८), आणि मग शेवटच्या फुल (संपूर्ण) किंवा डिफरन्शियल (फुलनंतर बदललेला भाग) बॅकअपवर समाधान मानावं लागतं. दुसरी मेख अशी की 'फुल' मॉडेल लावलं पण त्यानंतर एकही फुल बॅकअप घेतला नाही, तर नाव 'फुल' दिसत असूनही लॉग 'सिंपल'सारखाच वागतो. अशा वेळी लॉग बॅकअप मागितला की ४२१४ ही चूक येते.

नेमकं काय मोडलंय?

प्रत्येक क्रॅश रिस्टोअर मागत नाही. लाइट गेली, यूपीएसने दम तोडला, मशीन पुन्हा सुरू झालं, तर डेटाबेस स्वतःच सावरतो. लॉग वाचणं, राहिलेले बदल डेटात उतरवणं आणि अर्धवट व्यवहार मागे घेणं, असे त्याचे तीन टप्पे असतात. एरर लॉगमध्ये (ही सर्व्हरची मजकुरी रोजनिशी, वरचा एलडीएफ लॉग नव्हे) "रिकव्हरी ४३ टक्के पूर्ण, अंदाजे १२० सेकंद बाकी, ३ पैकी टप्पा २" अशा धर्तीची ओळ दिसत असेल तर हात बांधून बसा. कंटाळून सर्व्हिस पुन्हा सुरू केली की हे सगळं पहिल्यापासून होतं. क्रॅशच्या वेळी तासभर चालणारा एखादा मोठा अपडेट अर्धवट असेल तर तो मागे घ्यायलाही तसाच वेळ लागतो.

आता स्थिती विचारा:

सिलेक्ट नेम, स्टेट_डेस्क, रिकव्हरी_मॉडेल_डेस्क फ्रॉम सिस.डेटाबेसेस

'रिकव्हरी_पेंडिंग' आलं तर घाबरण्याआधी एरर लॉग उघडा. पुष्कळदा फाइल सापडलेली नसते, एवढंच कारण असतं. तिथे ५१२० किंवा १७२०४ या चुकीच्या शेजारी ऑपरेटिंग सिस्टिमचा क्रमांक असतो. २ किंवा ३ म्हणजे फाइल वा फोल्डर जागेवर नाही, म्हणजे ड्राइव्हचं अक्षर बदललं किंवा डिस्क अजून जोडली गेलेली नाही. ५ म्हणजे सर्व्हिसच्या खात्याला परवानगी नाही. ३२ म्हणजे दुसऱ्या कुणीतरी, बहुधा अँटिव्हायरसने, फाइल धरून ठेवली आहे. कारण दूर करा आणि डेटाबेस 'सेट ऑनलाइन' करा. काम तिथेच संपतं.

'सस्पेक्ट' आलं, किंवा ८२३, ८२४ या डिस्कवरचं पान नीट वाचता न आल्याच्या चुका दिसल्या, तर खरं नुकसान झालंय असं धरा. या अवस्थेत तीन गोष्टी कुणी सांगितल्या तरी करू नका. सस्पेक्ट डेटाबेस डिटॅच करू नका, कारण तो परत जोडताना सहसा नकार मिळतो. एलडीएफ उडवून नवा लॉग बनवू नका. आणि 'रिपेअर_अलाउ_डेटा_लॉस' चालवू नका. डेटा जाऊ देऊन दुरुस्ती, हा त्या नावाचा शब्दशः अर्थ आहे. ही आज्ञा खराब पानं काढून टाकते, त्यांतल्या ओळींसकट. एकही बॅकअप नसलेल्यांसाठी तो शेवटचा उपाय आहे, तुमच्याकडे बॅकअप आहेत.

शेपूट वाचवण्याची आज्ञा

आणखी काहीही करण्याआधी हे चालवा:

बॅकअप लॉग [हिशोब] टू डिस्क = 'एफ:\वाचवलेलं\हिशोब_शेपूट.टीआरएन' विथ नो_ट्रंकेट, इनिट, स्टॅट्स = १०

इथला 'नो_ट्रंकेट' महत्त्वाचा. त्याच्यामुळे डेटा फाइल गायब किंवा खराब असली तरी सर्व्हर फक्त लॉग वाचतो आणि लॉगमधून काही कापत नाही. एमडीएफची डिस्क पूर्ण मेली असेल आणि एलडीएफ दुसऱ्या डिस्कवर असेल, तरीही ही आज्ञा चालते. फाइल नेहमी नव्या नावाने आणि दुसऱ्या डिस्कवर घ्या. 'इनिट' जुन्या फाइलमधला मजकूर पुसतं, म्हणून रोजच्या बॅकअपचं नाव इथे चुकूनही देऊ नका.

आज्ञा यशस्वी झाली की 'रिस्टोअर हेडरओन्ली'ने ती फाइल वाचून पाहा. मग सर्व्हिस थांबवून एमडीएफ, एलडीएफ आणि असतील त्या एनडीएफ (जादा डेटा) फायली जशाच्या तशा दुसरीकडे नकलून ठेवा. पुढे काही बिघडलं तर इथवर परत येता येईल.

'बल्क-लॉग्ड' या, मोठी कामं लॉगमध्ये थोडक्यात नोंदणाऱ्या, मॉडेलमध्ये एक फट आहे. शेवटच्या लॉग बॅकअपनंतर मोठी आयात किंवा इंडेक्स पुनर्बांधणी झाली असेल आणि डेटा फाइल वाचता येत नसेल, तर शेपटीचा वापरता येण्याजोगा बॅकअप मिळत नाही. त्या कामांची पानं लॉगमध्ये नसतात, ती डेटा फाइलमधून उचलावी लागतात. म्हणून अशी कामं झाली की लगेच 'फुल'वर येऊन लॉग बॅकअप घ्यायचा असतो.

आणि सर्व्हरच मेला, विंडोज सुरू होत नाही, पण डिस्क काढून एलडीएफ मिळाली तर? तरीही रस्ता आहे. दुसऱ्या मशीनवर त्याच आवृत्तीचा एसक्यूएल सर्व्हर घ्या. तिथे त्याच नावाचा, तेवढ्याच फायलींचा एक रिकामा डेटाबेस बनवा आणि तो ऑफलाइन करा. त्याच्या सगळ्या फायली उडवून लॉगच्या जागी, लॉगच्याच नावाने, वाचवलेल्या एलडीएफची नक्कल ठेवा. मूळ एलडीएफ वेगळी राहू द्या. मग 'सेट ऑनलाइन' म्हणा. चूक येईल, यायलाच हवी. आता वरचीच 'नो_ट्रंकेट'ची आज्ञा चालवा. सर्व्हरला डेटा फाइल मिळत नाही पण लॉग मिळतो, आणि शेपटीला तेवढं पुरतं.

साखळी जुळते का?

प्रत्येक लॉग बॅकअप जिथे संपतो तिथूनच पुढचा सुरू होतो. ही सलगता एलएसएन नावाच्या क्रमांकांत नोंदलेली असते. बॅकअपचा इतिहास ठेवणारा सर्व्हरचा स्वतःचा एमएसडीबी डेटाबेस शाबूत असेल तर बॅकअपसेट आणि बॅकअपमीडियाफॅमिली ही टेबलं मीडिया_सेट_आयडीवर जोडून टाइप, फर्स्ट_एलएसएन, लास्ट_एलएसएन आणि फिझिकल_डिव्हाइस_नेम हे रकाने काढा. टाइपमध्ये 'डी' म्हणजे फुल, 'आय' म्हणजे डिफरन्शियल आणि 'एल' म्हणजे लॉग. एमएसडीबीही गेला असेल तर प्रत्येक फाइलवर 'रिस्टोअर हेडरओन्ली' चालवा. तिथे बॅकअपटाइप १ म्हणजे फुल, ५ डिफरन्शियल, २ लॉग. एकाच फाइलला बॅकअप जोडत गेले असतील तर 'पोझिशन' रकान्यातला क्रमांकही लिहून घ्या. चढवताना 'फाइल = ७' असं सांगावं लागतं, नाहीतर सर्व्हर पहिलाच उचलतो.

एका लॉगचा लास्ट_एलएसएन आणि पुढच्याचा फर्स्ट_एलएसएन जुळत नसेल तर मधली फाइल कुठेतरी आहे, ती शोधा. नेहमीचं कारण म्हणजे दोन वेगवेगळ्या सॉफ्टवेअरकडून घेतले जाणारे लॉग बॅकअप. एकाच्या फायली एका फोल्डरात आणि दुसऱ्याच्या दुसऱ्या ठिकाणी, आणि साखळी दोघांत विभागलेली.

फुल बॅकअप घेतल्याने लॉगची साखळी तुटते, हा समज पक्का रुजलेला आहे आणि तो चूक आहे. तुटतो तो डिफरन्शियलचा पाया. मंगळवारी दुपारी कुणी 'कॉपी_ओन्ली' (सुटी प्रत, डिफरन्शियलचा पाया न बदलणारी) न लावता फुल बॅकअप घेऊन पेन ड्राइव्हवर नेला, तर मंगळवार रात्रीचा डिफरन्शियल त्या पेन ड्राइव्हवरच्या बॅकअपशी बांधला जातो. रविवारच्या फुलवर तो चढत नाही आणि ३१३६ ही चूक येते. व्हर्च्युअल मशीनचं बॅकअप सॉफ्टवेअरही कधीकधी गुपचूप हेच करतं. पण लॉग सलग असतील तर डिफरन्शियल बाजूला ठेवून रविवारच्या फुलवर नुसते लॉग चढवत जा. वेळ जास्त लागतो, पण डेटा पूर्ण येतो. शेवटचा फुल खराब निघाला तरी त्याच्या आधीच्या फुलवरून याच रीतीने येता येतं. म्हणून जुने लॉग किमान दोन फुल बॅकअप मागेपर्यंत जपा.

चढवण्याचा क्रम

समजा रविवारी रात्री ११ला फुल, रोज रात्री ११ला डिफरन्शियल, दर १५ मिनिटांनी लॉग, आणि बुधवारी दुपारी ३:४०ला क्रॅश. तर रविवारचा फुल, मंगळवार रात्रीचा डिफरन्शियल, ११:१५पासून दुपारी ३:३०पर्यंतचे ६६ लॉग, आणि शेवटी १० मिनिटांची शेपूट. एकूण ६९ रिस्टोअर. म्हणून हे माऊसने करू नका, फायलींच्या यादीवरून आज्ञांची स्क्रिप्ट बनवून घ्या.

रिस्टोअर शक्यतो नव्या नावाने करा, म्हणजे मूळ फायलींना धक्का लागत नाही. आधी 'रिस्टोअर फाइललिस्टओन्ली'ने आतल्या फायलींची नावं पाहा, मग:

रिस्टोअर डेटाबेस [हिशोब_नवा] फ्रॉम डिस्क = '…फुल.बॅक' विथ मूव्ह 'हिशोब_डेटा' टू 'जी:\डेटा\हिशोब_नवा.एमडीएफ', मूव्ह 'हिशोब_लॉग' टू 'एच:\लॉग\हिशोब_नवा.एलडीएफ', नोरिकव्हरी, चेकसम, स्टॅट्स = ५

बॅकअप घेताना चेकसम (पडताळणीचा आकडा) लावलेला नसेल तर इथेही तो शब्द गाळा, नाहीतर आज्ञा नाकारली जाते. सुरुवातीला आकडा बराच वेळ शून्यावर थांबतो. नवी लॉग फाइल शून्यांनी भरली जात असते, आणि ती ५० जीबीची असेल तर वाट पाहावीच लागते. मग डिफरन्शियल, मग लॉग एकामागून एक, प्रत्येक 'विथ नोरिकव्हरी', म्हणजे डेटाबेस अजून न उघडता. काहीच लिहिलं नाही तर सर्व्हर 'रिकव्हरी' गृहीत धरतो, डेटाबेस उघडतो आणि दार बंद होतं. पुढचा लॉग ३११७ म्हणून परत येतो आणि फुलपासून पुन्हा सुरुवात करावी लागते. या कामात याच्याइतकी महागात पडणारी चूक दुसरी नाही.

मध्ये ४३२६ आली तर तो लॉग जुना आहे, सोडून पुढचा घ्या. ४३०५ आली तर मधला एक लॉग राहिलाय, तिथेच थांबा आणि तो शोधा.

शेपूटही 'नोरिकव्हरी'नेच चढवा आणि उघडण्याची आज्ञा वेगळी द्या:

रिस्टोअर डेटाबेस [हिशोब_नवा] विथ रिकव्हरी

मूळ नावावरच रिस्टोअर करताना ३१५९ ही चूक बहुतेक वेळा आडवी येते: शेपटीचा बॅकअप घेतलेला नाही. ती अडवत नाही, वाचवत असते. इंटरनेटवर लगेच 'रिप्लेस लावा', म्हणजे जुन्यावर सक्तीने लिहा, असं उत्तर मिळतं. शेपटीची फाइल तपासून हाताशी असेल तरच तो शब्द वापरा.

क्रॅश नाही, चुकून डिलीट

डेटाबेस चालू आहे, पण कुणीतरी 'व्हेअर' विसरून डिलीट मारलं, तर शेपटीसाठी नेहमीचा लॉग बॅकअप पुरेसा आहे. इथेही रिस्टोअर शेजारी, नव्या नावाने करा. लॉगवर 'स्टॉपॅट' लावलं की त्या क्षणापर्यंत कमिट झालेलंच उतरतं:

विथ नोरिकव्हरी, स्टॉपॅट = '२०२५-०३-१२टी१४:३६:००'

तारीख याच घाटणीत लिहा, मधल्या 'टी'सह. आपल्या सवयीने १२/०३/२०२५ लिहिलं तर सर्व्हरची भाषा अमेरिकन इंग्रजी असल्यास तो ३ डिसेंबर समजतो. मग वेळ लॉगच्या पुढची ठरते, सगळा लॉग उतरतो आणि तो डिलीटही उतरतो. वेळ सर्व्हरच्या घड्याळाची असते, भिंतीवरच्या नव्हे. दोन्हींतला फरक आधी पाहून घ्या.

नेमकं मिनिट माहीत नसेल तर 'नोरिकव्हरी'ऐवजी 'स्टँडबाय' आणि एका अनडू फाइलचं नाव द्या. डेटाबेस फक्त वाचण्यापुरता उघडतो. १४:३०वर थांबून ओळी मोजा, आहेत. तोच लॉग पुन्हा १४:३६ देऊन चढवा, आहेत. १४:३७, नाहीत. आता मागे जाता येत नाही, पण वेळ कळली. पुन्हा फुलपासून येऊन १४:३६ला थांबा. मिनिटाऐवजी काही सेकंदांनी पुढे सरकत राहिलात तर हा फेराही वाचतो. बॅकअप जुन्या आवृत्तीचा आणि सर्व्हर नवा असेल तर 'स्टँडबाय' मिळत नाही.

मग गेलेल्या ओळी मूळ टेबलात 'इन्सर्ट… सिलेक्ट… व्हेअर नॉट एक्झिस्ट्स'ने परत टाका. आधी मुख्य टेबल, मग त्यावर अवलंबून असलेली. आयडेंटिटी (आपोआप क्रमांक देणारा) रकाना असेल तर 'आयडेंटिटी_इन्सर्ट ऑन' करा. ट्रिगर, म्हणजे नोंद होताच आपोआप चालणाऱ्या आज्ञा, तात्पुरते बंद ठेवा, नाहीतर साठ्याची वजाबाकी दुसऱ्यांदा होईल.

लोकांना आत सोडण्याआधी

'डीबीसीसी चेकडीबी' ही डेटाबेस तपासणारी आज्ञा चालवा, 'विथ नो_इन्फोएमएसजीएस, ऑल_एररएमएसजीएस' लावून. काहीच छापलं नाही तर उत्तम. मग काउंटरवरची शेवटची छापील पावती मागवा आणि तिचा क्रमांक टेबलात शोधा. कागदासारखा दुसरा साक्षीदार नाही.

इथे एक गोष्ट हमखास घाबरवते. क्रॅशनंतर नवी नोंद केली की तिचा क्रमांक ४८२१नंतर एकदम ५८२२ वगैरे येतो आणि हजार पावत्या गेल्याची बोंब होते. काहीही गेलेलं नसतं. २०१२च्या आवृत्तीपासून सर्व्हर आयडेंटिटीचे क्रमांक आगाऊ राखून ठेवतो, इंट रकान्यात १,००० आणि बिगइंटमध्ये १०,०००. अचानक बंद पडला की न वापरलेले क्रमांक वाया जातात. २०१७पासून हे 'आयडेंटिटी_कॅश = ऑफ'ने डेटाबेसपुरतं बंद करता येतं. पावती क्रमांक कायद्याने सलग हवा असेल तर तो आयडेंटिटीवर टाकूच नये.

नव्या मशीनवर आला असाल तर लॉगिन जुळणार नाहीत. डेटाबेसमधला यूजर आहे, पण त्याचं लॉगिन दुसऱ्या ओळख क्रमांकाचं. 'ऑल्टर यूजर … विथ लॉगिन = …' प्रत्येकासाठी चालवा. आणि उघडताक्षणी नवा फुल बॅकअप घ्या, नवी साखळी तिथून सुरू होते.

शेपटीतूनही काही गोष्टी येत नाहीत. कमिट न झालेले व्यवहार येत नाहीत. 'डिलेड ड्युरेबिलिटी' (नोंद डिस्कवर पक्की होण्याआधीच उत्तर देण्याची सोय) चालू असेल तर "झालं" म्हटलेले शेवटचे काही व्यवहारही जाऊ शकतात. डिस्कच्या गुणधर्मांत राइट-कॅश फ्लशिंग बंद करण्याची खूण कुणी वेगासाठी लावली असेल, तर विंडोजला पक्की वाटलेली नोंद डिस्कच्या मेमरीतच असते आणि लाइटबरोबर जाते. ती खूण आजच काढा. एमडीएफ आणि एलडीएफ एकाच डिस्कवर असतील तर तेही आजच बदला, कारण डिस्क मेली की कीर्द आणि खतावणी एकदमच जातात.

एक्सप्रेस आवृत्तीवाल्यांसाठी

एक्सप्रेस या फुकट आवृत्तीत एसक्यूएल सर्व्हर एजंट, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय, नाही, म्हणून अनेक ठिकाणी लॉग बॅकअप होतच नाहीत. पण 'फुल' मॉडेल आणि लॉग बॅकअप तिथेही चालतात. विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये दर १५ मिनिटांचं काम लावा आणि त्यात 'एसक्यूएलसीएमडी' या आज्ञा चालवणाऱ्या साधनाने बॅकअपची आज्ञा द्या. प्रत्येक फाइलच्या नावात तारीख-वेळ घाला. 'बी' हा पर्याय जोडायला विसरू नका. तो नसेल तर बॅकअप फसला तरी शेड्युलर "यशस्वी" दाखवत राहतो. फोल्डरची परवानगी तुमच्या नव्हे, एसक्यूएल सर्व्हरच्या सर्व्हिस खात्याला लागते. ऑपरेटिंग सिस्टिमची चूक ५ दिसली तर तेच कारण समजा. फायली तयार होताच दुसऱ्या मशीनवर जाऊ द्या. एक्सप्रेसऐवजी मोठी आवृत्ती असेल आणि डेटाबेस टीडीईने (डेटाबेसच्या फायलीच कूटबद्ध करणारी सोय) कूटबद्ध असेल तर त्याचं सर्टिफिकेट आणि खाजगी किल्लीही वेगळी जपा, त्यांच्याशिवाय दुसऱ्या सर्व्हरवर एकही फाइल उघडत नाही. महिन्यातून एकदा वरचा सगळा क्रम दुसऱ्या मशीनवर करून पाहा आणि किती मिनिटं लागली ते लिहून सर्व्हरच्या शेजारी चिकटवा. क्रॅशच्या दिवशी काउंटरवरून "किती वेळ?" असा फोन येतो, तेव्हा तो आकडा लागतो.